स्क्रममधली जागा

बाई, तुम्ही गेल्यानंतर खेळाचे नियम बरेच बदलले. किक-ऑफचा बॉल पुढंच गेला पाहिजे म्हणून तुम्ही आम्हाला कितीदा परत मारायला लावलं, आणि आता तो सरळ मागं दिला तरी चालतो. गोल-किक मारली की बॉल पेटीबाहेर पडेपर्यंत आपल्या पोरीनं त्याला पाय लावायचा नाही, हे तुमच्या शिट्टीनं आमच्या हाडात बसवलं होतं. तेही गेलं. ड्रॉप बॉलला दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या नडग्या फोडायच्या, ते बंद झालं. पंच आता बॉल एकीलाच देतो आणि बाकीच्यांना दूर उभं करतो. यातला एकेक नियम बदलला तेव्हा मला वाटलं, बाईंना सांगायला पाहिजे. तुम्ही आधी कपाळाला आठ्या घातल्या असत्या आणि मग दुसऱ्याच दिवशी मैदानावर करून पाहिलं असतं. पण आज लिहायला बसले ती त्यासाठी नाही. मला लाज वाटते आहे, बाई. गेला हिवाळा संपला तेव्हापासून वाटते आहे, आणि ती बोलून दाखवावी असं जवळचं माणूस शोधायला गेले तर तुमच्याशिवाय कोणी सापडलं नाही.

दिघोरीकडच्या आपल्या त्या शाळेत तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाचं सांगते. तुमचं लहानपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलेलं, वडील फॅक्टरीत, आणि तिथल्या मैदानावर तुम्ही भावांबरोबर फुटबॉल खेळलेल्या. आमच्या गावात पोरींचा खेळ म्हणजे लंगडी आणि खो-खो. तुम्ही साडीचा पदर कमरेला खोचून, पायात पांढरे कॅनव्हास घालून मैदानात उतरलात तेव्हा अर्धं गाव कुंपणाला येऊन उभं होतं. मी तलावाच्या पाळीखालच्या ढिवरमोहल्ल्यातली, मासोळी धरणाऱ्यांच्या घरची. वर्गात मला कधी कोणी काही बोललं नाही. फक्त बसायच्या पट्टीवर माझ्या बाजूला थोडी जागा मोकळी राहायची, आणि ती मोकळी राहते हे मी इतक्या लहानपणापासून पाहत आले होते की तिच्याकडे माझं लक्षही जात नसे. टीममध्ये मात्र मला बरं वाटायचं. बॉल कोणाच्याही पायाला लागून यायचा आणि माझ्याकडून कोणाच्याही पायाकडे जायचा.

तो दिवस तुम्हाला आठवतो का, मला माहीत नाही. तुमच्यासाठी तो शंभरातला एक असेल. आपण आपसात दोन टीम करून खेळत होतो, पेटीच्या जरा बाहेर फ्री-किक मिळाली आणि तुम्ही आम्हा चौघींना भिंत करायला सांगितलं. खांद्याला खांदा, हात पुढं. मी टोकाला नव्हते, मधे होते. आणि माझ्या डाव्या बाजूची पोरगी एक वीतभर सरकून उभी राहिली. बॉल नेमका त्याच फटीतून गेला आणि गोल झाला. गोल झाल्यावर ज्यांनी खाल्ला त्यांनी मधून सुरू करायचं, म्हणून आम्ही मध्यरेषेकडे चालायला लागलो. तुम्ही शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना परत बोलावलं. किक पुन्हा मारायची म्हणालात. का, ते सांगितलं नाही. आम्ही परत भिंत केली, परत ती तशीच सरकली, आणि तुम्ही चालत आलात आणि त्या फटीत स्वतः उभ्या राहिलात. तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला आहे. घामाचा आणि तुमच्या पावडरचा वास येतो आहे. समोरची पोरगी मारायला तयार होत नाही, तुम्ही तिला मार म्हणता, आणि ती मारते तो बॉल तुमच्या मांडीवर इतक्या जोरात बसतो की आवाज कुंपणापर्यंत जातो. तुम्ही जागच्या हलला नाहीत. मग त्या सरकलेल्या पोरीकडे वळून, अजिबात आवाज न चढवता म्हणालात, "फट कोण ठेवते ते मले दिसते. जिले हिच्या बाजूनं उभं राहाचं नाही, तिनं भिंतीत येऊ नाही. घरी जावं."

कोणी घरी गेलं नाही. त्या पोरीचा खांदा त्यानंतर माझ्या खांद्याला लागू लागला. आधी लाकडासारखा, मग काही महिन्यांनी नेहमीसारखा. पुढं आपण जवाहरनगरला सामना खेळायला गेलो तेव्हा बसमध्ये ती माझ्याच बाजूला झोपली होती.

तुम्ही आजारी पडलात आणि गेलात तेव्हा मी बी.पी.एड. करत होते. मग नोकरी लागली ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बपेऱ्याकडं. नवरा आमच्यातलाच, पण त्यांचं घर दोन पिढ्यांपासून शहरात, आणि आडनाव असं की त्यावरून कोणाला काही कळत नाही. तिथं मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. मी खोटं कधी बोलले नाही, बाई. स्टाफरूममध्ये कोणी काही गृहीत धरून बोललं की मी हसून डबा उघडत असे, एवढंच. डब्यात मासोळी कधी नेली नाही. हे करायचं असं मी एका दिवशी ठरवलं नव्हतं. वर्षामागून वर्ष ते आपोआप होत गेलं, आणि मला त्याची सवय झाली.

मग आमच्याकडं रग्बी आली. नागपूरला प्रशिक्षण झालं, मला पाठवलं, आणि तिथून मी एक लांबट बॉल आणि डोक्यात गोंधळ घेऊन परत आले. तुम्ही असता तर तुम्हाला मजा वाटली असती. फुटबॉलमध्ये ज्यानं गोल खाल्ला त्याच्या हाती बॉल देतात, बिचाऱ्याला एक संधी. आम्ही खेळतो त्या सात-सात जणींच्या रग्बीत ज्यांनी गुण मिळवले त्यांनीच बॉल पुन्हा समोरच्यांकडे मारायचा, तोही आधी जमिनीवर टाकून, उसळता उसळता. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला तर दोन्हीकडच्या पोरी दोन रांगांत उभ्या राहतात आणि त्यांच्या मधोमध बॉल फेकायचा. मला नादच लागला. संध्याकाळी मोबाइलवर मी जगभरचे फुटबॉल पाहत बसे, नुसती सुरुवात पाहायला. ऑस्ट्रेलियात पंच बॉल जमिनीवर जोरात आपटतो आणि दोन उंच माणसं त्याच्यासाठी हवेत उडतात. आयर्लंडात पंच तो चौघांच्या मधे फेकून देतो. अमेरिकेत तर एक जण ओणवा होऊन दोन पायांमधून मागं देतो. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. आपल्या फुटबॉलमध्ये थांबलेला खेळ पुन्हा सुरू होतो तो बहुतेक वेळा लोकांना दूर करून. दहा यार्ड मागं व्हा, वर्तुळाच्या बाहेर व्हा. रग्बीत बॉल हातातून पुढं सांडला की स्क्रम होतो, आणि तिथं दूर राहून चालतच नाही. तिघी तिघींनी एकमेकींच्या काखेतून हात घालून जर्सी मुठीत धरायची, गालाला गाल लागेल असं वाकायचं, आणि पलीकडच्या तिघींच्या खांद्यात खांदे अडकवायचे. मग बाहेर उभी असलेली एक जण मधे तयार झालेल्या बोगद्यात बॉल टाकते. जिला आपण धरलं आहे तिच्यावर आपली मान सोपवलेली असते. सैल धरलं तर दुखापत होते.

आमच्या टीमला मधल्या जागेसाठी एक पोरगी मिळाली होती. नदीकाठच्या मोहल्ल्यातली, घरी मासोळीचा धंदा, खांदे रुंद, आणि स्वभावानं इतकी शांत की पडली तरी उठून आधी दुसरीला उठवायची. मधलीच्या दोन्ही बाजूंना ज्या दोघी लागतात त्यातली एक मोठ्या शेतकऱ्याच्या घरची. चांगली खेळाडू. तिचे वडील सामन्यांना टीमला न्यायला आपली पिकअप द्यायचे, डिझेलसुद्धा घ्यायचे नाहीत. मधलीला मधे वाकायचं मी आधी शिकवून ठेवलं होतं, पण तिघींच्या पहिल्याच स्क्रमच्या सरावाला मी पाहिलं की तिचा हात मधलीच्या पाठीवर नुसता टेकलेला आहे, मूठ नाही, आणि तोंड दुसरीकडं. मी मूठ आवळ म्हटलं. तिनं आवळली नाही. पुन्हा म्हटलं तर ती सरळ उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, मी हिच्या बाजूनं नाही लागत."

मी काहून म्हणून विचारलं. विचारायलाच नको होतं. मला उत्तर माहीत होतं.

"वास येते," ती म्हणाली.

पोरींनी खाली पाहिलं. मधली पोरगी अजून वाकलेलीच होती, गुडघ्यावर हात ठेवून, आणि तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, रडवेलं होऊनही नाही. वाट पाहिल्यासारखं पाहिलं. बाई, त्या क्षणी मला तुमची आठवण आली होती. आली नव्हती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तुमची मांडी, तो आवाज, सगळं आठवलं. आणि त्याच क्षणी हेही मनात आलं की मी जे काही बोलेन त्यात माझा स्वतःचा मोहल्ला येईल, उद्या स्टाफरूममध्ये ते पोचेल, आणि पुढच्या सामन्याला पिकअप येणार नाही. मी टाळी वाजवली. चला, जागा बदलू म्हटलं. त्या पोरीला म्हटलं, "तू बाहेर ये. तुझे हात चांगले आहेत, बॉल तू टाकत जा. ते महत्त्वाचं काम आहे."

ती म्हणाली, "हो, मॅडम." आणि बाहेर आली.

किती सोपं होतं ते. कोणाला काही बोलावं लागलं नाही. मधे दुसरी एक घातली, स्क्रम झाला, मुठी आवळल्या गेल्या, आणि ती बाहेर उभी राहून बॉल टाकू लागली. ती त्यातही हुशार निघाली. बॉल टाकायची, वळसा घालून मागं पोचायची, आणि बाहेर आलेला बॉल उचलून लांब फेकायची. मुख्याध्यापकांनी सराव पाहिला आणि म्हणाले, मॅडमला कोणाला कुठं ठेवायचं ते बरोबर कळते. मी ते ऐकून घेतलं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं, फक्त त्या आधीचं सांगितलं नाही.

हिवाळा सरता सरता जवाहरनगरकडच्या एका मैदानावर सामने झाले. दुसऱ्या सामन्यात उत्तरार्धात आमची मधली पडली आणि तिचा घोटा मुरगळला. राखीव पोरी होत्या, पण स्क्रममध्ये मधे वाकायचं शिकलेली त्यातली एकही नव्हती, आणि न शिकलेलीला तिथं घालणं म्हणजे तिची मान धोक्यात. शिकलेली एकच होती. मी रेषेवरून तिला हात केला, मधे जा म्हणून खूण केली. ती थांबली. शेतकऱ्याच्या पोरीकडं तिनं एकदा पाहिलं. मग खाली वाकून मूठभर गवत उपटलं आणि हात घासायला लागली. आधी तळवे, मग कोपरापर्यंत, मग मान. घाई न करता, नीट, आपण जेवायच्या आधी हात धुतो तसे. पंच थांबला होता, पलीकडच्या पोरी पाहत होत्या, आणि ती मान घासत होती. मग ती गवत टाकून आत गेली आणि वाकली. शेतकऱ्याच्या पोरीनं तिची जर्सी मुठीत धरली, घट्ट, मला रेषेवरून बोटांची हाडं पांढरी झालेली दिसली. तिला काय वाटलं असेल ते मला माहीत नाही, पण त्या हात घासण्याकडं तिनंही पाहिलं होतं. बॉल आम्हाला मिळाला. सामना आम्ही हरलो. थोड्याशाच फरकानं हरलो, पण मला ते दुसऱ्या दिवशी पेपरात टाकायची माहिती लिहिताना कळलं, इतकं माझं लक्ष उडालं होतं.

ते घासणं मला ओळखीचं होतं, बाई. तुमच्या त्या भाड्याच्या खोलीतलं स्वयंपाकघर, खिडकीशी स्टोव्ह, सराव झाला की तुम्ही आम्हाला पोहे करून घालायच्या. एकदा कांदा चिरायला मला बसवलं आणि माझा हात हातात घेऊन तुम्ही पाहिलात. रोज सकाळी मायला मासोळी साफ करू लागायची, आणि शाळेत यायच्या आधी मी राखेनं आणि लिंबाच्या सालीनं हात घासायची, कातडी लाल होऊन तडकेपर्यंत. तुम्ही रागावलात. मैदानावर कधी रागावला नाहीत तेवढ्या. "कायले घासून राहिली एवढी? कातडं निघन. तुझ्या मायचे हात आहेत हे, लपवाचे नाही." मी मान हलवली होती. मग तुम्ही माझ्या हातांना खोबरेल तेल लावलं आणि कांदा स्वतः चिरलात. तुम्ही जे घासणं माझ्या हातातून सोडवलंत ते मी एका पोरीला शिकवलं. एकही शब्द न बोलता शिकवलं.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं. तिची माय अंगणात पावशीवर मासोळी कापत बसली होती. मला पाहून उठली, हात धुतले, खाट टाकली. पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. माय बोलायला लागली. पोरगी घरी खेळाचंच बोलत राहते, म्हणाली, आणि मॅडमनं तिला टीममधली सगळ्यात मोठी जागा देल्ली असं सांगते, बॉल हिच्या हातानं गेल्याशिवाय खेळच सुरू होत नाही म्हणते. माझ्याकडं कौतुकानं पाहत होती. मी पोरीकडं पाहिलं तर ती जमिनीकडं पाहत होती. तिनं घरी मला वाचवलं होतं, बाई. मी मैदानावर तिला वाचवलं नाही, आणि तिनं मायच्या चुलीसमोर बसून माझी बाजू सांभाळली.

माय आत गेली आणि एका ताटलीत झिंग्यांचा रस्सा आणि भात घेऊन आली. चालते का म्हणून विचारलंही नाही. मला नवल वाटलं, कारण मास्तर-मॅडम घरी आले की लोक आधी ते विचारतात. ताटली माझ्या हातात देऊन ती पुन्हा चुलीकडं गेली. मग मी पोरीला म्हटलं, "तुले एक सांगाचं होतं. मी बी आपल्यातलीच आहो."

तिनं मान वर केली. "मले माहीत आहे, मॅडम," ती म्हणाली. "आजी तुमच्या गावाकडचीच आहे. तुमच्या मायले वळखते."

मी विचारलं, कधीपासून.

"पहिल्यापासून." मग म्हणाली, "तिनं तसं म्हटलं त्या दिवशी मले काही वाटलं नाही. ते तं म्हणतच राहतात. मी तुमच्याकडं पाहिलं. म्हटलं, मॅडम आता सांगतीन."

माझ्या हातात ताटली तशीच होती. माफ कर असं तिला म्हणायचं होतं. वयानं एवढ्या लहान पोरीला ते कसं म्हणतात, मला आलं नाही. तिनंच मग, मोठ्या बाईसारखं, झिंगे थंडे होऊन राहिले, खा म्हणून सांगितलं. मी खाल्लं. चव अगदी आमच्या घरची होती.

आता ती पुन्हा मधे वाकते. मीच तिला परत आत घेतलं आणि कोणी कुरकुर केली नाही. शेतकऱ्याची पोरगी तिची जर्सी मुठीत धरते. त्या दोघी आपसात फारसं बोलत नाहीत, पण परवा एकीच्या बाटलीतलं पाणी दुसरी प्यायली, ते मी लांबून पाहिलं. पिकअपही येते. एवढ्यावर मला समाधान मानता आलं असतं. पण तिचा अपमान भर मैदानात झाला होता आणि मी माझं सांगणं मात्र तिच्या अंगणात, तिची माय आत असताना, हळू आवाजात उरकून घेतलं. मैदानावर ते अजून सांगितलेलं नाही. सराव संपला की सगळ्या पोरी गोल करून बसतात, माझ्याकडं पाहतात, मी तोंड उघडते आणि उद्या वेळेवर या म्हणते. ती त्या गोलात असते. आता ती माझ्याकडं तसं वाट पाहिल्यासारखं पाहत नाही.

हे पत्र मी कुठं ठेवणार आहे ते अजून ठरवलं नाही. तुम्ही नाहीत म्हणूनच ते लिहायचं धाडस झालं, बाई. असता तर तुम्ही सगळ्यात आधी विचारलं असतं, पोरींसमोर सांगितलंस का, आणि मी तुमच्या तोंडाकडं पाहून हो म्हटलं असतं.